नळदुर्गचा मुक्काम

नळदुर्गास आम्ही आजवर तीन वेळां गेलों. पैकीं पहिल्या दोन वेळां सोलापुरास बिऱ्हाड ठेवून सकाळीं निघालों, दोन प्रहर किल्ल्यांत हिंडलों आणि दिवस मावळण्यापूर्वीं परतलों. अशा भेटींत जें दिसतें तें सर्वांसच दिसतें: पाणीमहाल, नवबुरूज, उपळ्या बुरूज व त्यावरील दोन लांब तोफा. जें ऐकूं येतें तेंही सर्वांस सारखेंच ऐकूं येतें, म्हणजे नळराजा आणि दमयंती यांची कथा व धरण बांधल्याचें एक ठराविक साल. दुसऱ्या भेटीनंतर आम्हीं आपलीं टांचणें चाळलीं, तों त्यांत आमच्यापूर्वीं कोणीं लिहिली नाहीं अशी एकही ओळ आढळली नाहीं. तेव्हां तिसऱ्या खेपेस, भाद्रपदांत बोरी नदीस पाणी असतां, गांवांतच दोन रात्री राहावयाचें असें ठरविलें.

ठरविणें सोपें होतें. हमरस्त्यावरील ज्या लॉजांत प्रथम विचारिलें तेथें रस्त्याच्या कामावरील मंडळींनीं सर्व खोल्या महिन्याच्या भाड्यानें धरल्या होत्या. दुसऱ्या ठिकाणीं खोली होती, पण आम्हीं किल्ला पाहण्यासाठीं दोन रात्री राहणार हें ऐकून तेथील गृहस्थास संशय आला. "किल्ला तर दोन तासांत बघून होतो," तो म्हणाला, "दोन रात्री कशाला?" ओळखपत्रें पाहूनही त्याचें समाधान होईना. सरकारी विश्रामगृहाची परवानगी आधीं काढावयास हवी होती; ती आम्हीं काढली नव्हती, हा दोष आमचाच. एक दुकानदार सदिच्छेनें म्हणाला, "मुक्कामाला हितं कोण राहतंय? तुळजापूरला जावा. नाहीतर सोलापूर हायच की."

हें वाक्य त्यानें सहज उच्चारिलें, पण आमच्या मनांत तें राहिलें. नळदुर्गांत मुक्कामास कोण राहतें? आणि आजवर कोण राहिलें, कोणाच्या हुकमानें, व किती दिवस? किल्ल्याचा इतिहास लिहितांना आपण राजांच्या याद्या देतों व किल्ला कोणाकडून कोणाकडे गेला तें सांगतों. परंतु सरहद्दीवरील ठाण्याचा इतिहास राजवंशांपेक्षां मुक्कामाच्या मुदतींवरून अधिक नीट उलगडतो, असें या तिसऱ्या खेपेनंतर आमचें मत झालें आहे. तें येथें वाचकांपुढें मांडतों.

स्थळाविषयीं प्रथम दोन शब्द. नळदुर्ग हें धाराशिव जिल्ह्याच्या (पूर्वीचा उस्मानाबाद, जिल्ह्याचें हें नांव सरकारीरीत्या २०२३ सालीं बदललें) तुळजापूर तालुक्यांतील लहान शहर. सोलापुराहून हैदराबादेस जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर सोलापूरच्या पूर्वेस सुमारें ४५ किलोमीटरांवर तें लागतें. काळ्या बसाल्टी खडकाचें एक पठार बोरी नदीच्या दरींत पुढें आलेलें आहे, त्यावर किल्ला आहे. तटाला ११४ बुरूज असल्याचें सांगतात. नदीचें पात्र वळवून तें किल्ल्याच्या कडेनें घेतलेलें आहे. पलीकडील टेकाडावर रणमंडळ नांवाचा जोडकोट आहे. आणि किल्ला व रणमंडळ यांच्यामध्यें दगडी धरण घालून दोन्ही जोडलेले आहेत. थोड्याच अंतरावर आज कर्नाटकाची हद्द लागते. बाजारांत मराठीबरोबर कानडी व दखनी उर्दू सहज ऐकूं येतात, आणि बोलणारास आपण भाषा बदलली याची जाणीवही नसते.

बहामनी राज्य मोडल्यावर हा मुलूख विजापूरकरांकडे आला. त्यांच्या उत्तर सरहद्दीवर सोलापूर, नळदुर्ग व समोर निजामशाहीचा परांडा अशी ठाणीं उभीं राहिलीं. सोलापूरची तक्रार तर प्रसिद्धच आहे. १५२४ सालीं इस्माईल आदिलशहाच्या बहिणीचें लग्न बुऱ्हाण निजामशहाशीं झालें, तेव्हां सोलापूरचा किल्ला आंदण म्हणून कबूल केल्याचें अहमदनगरकर म्हणत; विजापूरकर तें नाकारीत. पुढें चांदबिबी अली आदिलशहास दिली तेव्हां तोच किल्ला उलट बाजूनें आंदणांत आला. दोन घराण्यांच्या सोयरिकींत असा एक किल्ला चाळीस वर्षें लोंबकळत राहिल्यावर पाठीशीं असलेल्या नळदुर्गास स्वस्थता कोठून लाभणार? अली आदिलशहानें (राज्य १५५८ ते १५८०) जुना कोट दगडांत नव्यानें बांधून त्यास शाहदुर्ग असें नांव दिलें, असें फेरिश्ता लिहितो. हें नांव दरबारी कागदांतच राहिलें. लोकांच्या तोंडीं नळदुर्गच टिकलें.

अलीच्या मृत्यूनंतर इब्राहीम आदिलशहा दुसरा अज्ञान असतां या बांधकामाची परीक्षा झाली. १५८१ च्या सुमारास निजामशाही व कुतुबशाही फौजांनीं मिळून नळदुर्गास वेढा घातला. किल्लेदार महंमद आका तुर्कमान हा होता. त्यास फोडण्याचा यत्न झाला, तो साधला नाहीं. तोफांनींही काम झालें नाहीं. शेवटीं दोन्ही फौजा किल्ला मागें टाकून थेट विजापुरावर गेल्या. या प्रसंगांत आमच्या विषयास उपयोगी गोष्ट ही कीं किल्ल्यांत राहणारा हा तुर्कमान होता. सरहद्दीवरील ठाणें स्थानिकाच्या हातीं फार काळ राहूं द्यावयाचें नाहीं, बाहेरचा मनुष्य नेमावयाचा, त्याची मुदत संपतांच त्यास हलवावयाचें, हें दक्षिणेंतील सर्वच सुलतानांचें धोरण होतें. किल्लेदार मुलखाचा जांवई झाला कीं किल्ला मुलखाचा होतो, ही भीति त्यांस होती व ती अनाठायीं नव्हती. म्हणून किल्ल्याच्या आंत राहणारा हा नेहमीं मुदतीचा भाडेकरी, आणि बाहेरच्या पेठेंत राहणारा पिढीजात. पण दिवस मावळल्यावर दरवाजे बंद झाले कीं पिढीजात मनुष्य बाहेर व पाहुणा आंत. ही उलटापालट नळदुर्गांत शेंकडों वर्षें चालली.

आतां पाणीमहालाकडे वळूं, कारण दोन रात्रींच्या मुक्कामाचें आमचें मुख्य कारण तोच होता.

पाणीमहाल हा धरणाच्या पोटांत आहे. धरणाच्या माथ्यावरून जिन्यानें आंत उतरावें लागतें. मध्यें कमानींची जागा असून तिच्या खिडक्या नदीच्या खालच्या अंगास उघडतात. वरचें बोरी धरण भरून पाणी सुटलें म्हणजे नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून तें कोसळतें, आणि पाण्याच्या पडद्यामागें माणसानें कोरडें बसावें अशी ती योजना आहे. महालांत फारसी शिलालेख आहे. त्यांत इब्राहीम आदिलशहा दुसरा याच्या कारकीर्दींत मीर इमादीन याच्या हातून हें काम झाल्याचें हिजरी १०२२, म्हणजे इ. स. १६१३, हें साल आहे.

परंतु कित्येक इंग्रजी वर्णनांत व त्यांवरून उतरलेल्या मराठी पुस्तकांत धरण अली आदिलशहानें १५५८ सालीं बांधलें असें दिलें आहे. किल्ल्यांत वाट दाखविणारे लोक दोन्ही सालें एका दमांत सांगतात व ऐकणारे दोन्ही लिहून घेतात. पहिल्या दोन भेटींत आम्हींही तेंच केलें होतें. १५५८ हें साल आम्हांस प्रथमपासून संशयित वाटतें. तें अलीच्या राज्यारोहणाचें साल आहे. कारकीर्दींतील एखाद्या कामाची नक्की तारीख ठाऊक नसली म्हणजे त्यास राज्यारोहणाचें साल चिकटविण्याची खोड जुन्या व नव्या दोन्ही लेखकांत आहे. शिवाय गादीवर आल्याबरोबर अली विजयनगरच्या रामराजाशीं मैत्री करून अहमदनगराविरुद्धच्या युद्धांत गुंतला. पहिल्याच वर्षांत एवढें धरण पुरें झालें हें संभवत नाहीं. फेरिश्ता विजापूरच्याच आश्रयास होता, तो अलीच्या नांवें तट सांगतो. पाणीमहाल त्याच्याकडून ऐकण्याची अपेक्षा मात्र करूं नये, कारण त्यानें आपला ग्रंथ इब्राहीम आदिलशहास १६०६ च्या सुमारास सादर केला व शिलालेख त्याच्यानंतरचा आहे.

कोणी म्हणेल, धरण अलीचें व महाल तेवढा इब्राहीमचा. हा तोडगा आम्हांसही सोयीचा वाटला होता. परंतु दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाहणाऱ्यांची गर्दी होण्यापूर्वीं दोन तास आम्ही तेथें होतों. जिना, हवेचे झरोके, पाणी वाहून नेण्याच्या वाटा हीं सर्व धरणाच्या जाडींतूनच गेलेलीं आहेत. पाणी अडवून उभ्या असलेल्या भिंतीच्या पोटांत मागाहून अशी पोकळी कोरावयाची म्हणजे भिंतच उकलावयास हवी. तेव्हां आमचें मत असें कीं अलीच्या वेळीं या जागीं एखादा ठेंगणा बांध असलाही तरी आज जें धरण आपण पाहतों तें महालासकट एका हातचें व १६१३ चें आहे. १५५८ हें साल तट-बांधणीच्या संदर्भांतही जपून वापरावें. ज्यांस याहून चांगला पुरावा उपलब्ध असेल त्यांनीं तो पुढें आणावा. आम्ही आपलें मत आनंदानें सोडूं.

आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. १६१३ च्या सुमारास अहमदनगरचा किल्ला मोंगलांकडे जाऊन तेरा वर्षें झालीं होतीं; मलिक अंबर निजामशाहीचें नांव चालवून मोंगलांशीं झगडत होता. विजापूरच्या दृष्टीनें उत्तर सरहद्दीचा दाब कांहीं काळ दुसऱ्याच्या अंगावर गेला होता. अशा सवडींत पाणी साठविण्याच्या लष्करी कामाबरोबर, पाणी पाहत बसण्याची जागाही निघाली. ज्या ठाण्यांत तोपर्यंत शिबंदीनें फक्त पहारा केला तेथें कोणी प्रथमच हौसेनें राहावें म्हणून ही खोली बांधली. तिचा उपभोग किती जणांस किती दिवस मिळाला असेल तें देव जाणे. १६८६ सालीं विजापूर पडलें, किल्ला मोंगलांचा झाला आणि त्यानंतर निजामाचा. सरहद्द सरकली, आणि नळदुर्ग राज्याच्या आंतल्या बाजूस गेल्यामुळें त्याची लष्करी किंमत उतरली.

तिची किंमत पुनः चढली ती १८५३ सालीं. त्या वर्षीं २१ मे रोजीं झालेल्या तहान्वयें निजामानें हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटीं वऱ्हाड, रायचूर दुआब व धाराशिवकडील मुलूख इंग्रजांच्या ताब्यांत दिला. या पश्चिमेकडील मुलखावर कॅप्टन फिलिप मेडोज टेलर याची नेमणूक झाली व त्यानें नळदुर्गच्या किल्ल्यांत बिऱ्हाड केलें. हा गृहस्थ इंग्रज फौजेंतला नसून निजामाच्या नोकरींतला; कोंवळ्या वयांत पोलिसाच्या कामावर तो या भागांत हिंडलेला होता, आणि ठगावरील कादंबरीनें १८३९ पासून विलायतेंत त्याचें नांव झालेलें होतें. १८५७ पर्यंत तो येथें राहिला. त्याच्या मरणानंतर १८७७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रांत त्यानें किल्ल्याचें जें वर्णन केलें आहे तें आजही हातीं घेऊन हिंडण्यासारखें आहे. त्यास येथें राहून दिसलें, हा त्याचा व आमच्यासारख्या दोन प्रहरांच्या पाहुण्यांचा फरक. तुळजापूर व आसपासचा मुलूख त्याच्या डोक्यांत इतका भरला कीं पुढें 'तारा' ही कादंबरी (१८६३) त्यानें तुळजापुराच्या भूमीवरच उभारली. त्या कादंबरींतील इतिहास आम्ही ग्राह्य धरीत नाहीं. परंतु गांवें, वाटा व ऋतु यांचें ज्ञान खरें आहे.

टेलरचें बिऱ्हाडही मुदतीचेंच ठरलें. १८५७ च्या धामधुमींत त्याची वऱ्हाडांत बदली झाली. १८६० च्या तहानें रायचूर दुआब व हा मुलूख निजामास परत मिळाला. किल्ल्यांत मुन्सिफ कोर्ट म्हणून दाखवितात ती पडकी इमारत या कचेरीच्या काळाची आठवण आहे. जिल्ह्याचें नांव मात्र पुष्कळ वर्षें नळदुर्गच राहिलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं तेंही गेलें: कचेऱ्या धाराशिवास, जिल्ह्याचें नांव उस्मानाबाद. एखाद्या गांवाची कचेरी उठली म्हणजे तिच्याबरोबर वकील, मुखत्यार, खानावळी व पक्षकारांस झोंपावयास जागा देणारीं घरें उठतात. नळदुर्गांत राहण्याची सोय कां नाहीं याचें नजीकचें कारण आम्हांस हें दिसतें.

दुसरें कारण तुळजापूर. तेथें भवानीच्या दर्शनास जाणारा मनुष्य खोली शोधीत नाहीं; त्याच्या घराण्याचा पुजारी ठरलेला असतो. भोपे, पाळीकर, उपाध्ये अशा वृत्तींचीं घरें पिढ्यान्‌पिढ्या आपल्या यजमानांस उतरावयास जागा देत आलीं, आणि त्यांच्या वह्यांतून यजमानांच्या पूर्वजांचीं नांवें जपलीं गेलीं. या वह्या मराठी घराण्यांच्या इतिहासाचें एक मोठें साधन आहे, याकडे जातां जातां अभ्यासकांचें लक्ष वेधतों. तेथील मुक्काम हा वतनी हक्क आहे. येथें तो प्रत्येक वेळीं नव्यानें मागावा लागतो.

१९४८ पर्यंत सोलापूर ते नळदुर्ग हा आजचा एका तासाचा प्रवास दोन राज्यांमधला होता. सोलापूर जिल्हा मुंबई इलाख्यांत, नळदुर्ग निजामाच्या राज्यांत. मध्यें करोडगिरीचें म्हणजे जकातीचें नाकें. १९४७-४८ च्या हैदराबाद मुक्तिसंग्रामांत सोलापूरच्या बाजूनें स्टेट काँग्रेसचे सरहद्द-कॅम्प उभे राहिले, आणि नळदुर्गकडील कित्येक कुटुंबांनीं रझाकारांच्या भीतीनें इलाख्यांत आसरा घेतला. आमच्या यजमानांचे (त्यांच्याविषयीं पुढें येतें) वडील लहानपणीं सोलापुरास नातलगांकडे दहा महिने राहिले होते. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं हिंदी फौजेची मुख्य तुकडी सोलापुराहून निघाली, तेव्हां तिचें पहिलें लक्ष्य नळदुर्ग होतें; बोरीवरील पूल शाबूत हातीं लागणें अगत्याचें होतें. त्या दिवशीं नळदुर्गपाशीं दुसऱ्या शीख पलटणीचे हवालदार बचित्तर सिंग पडले. १९५२ सालीं अशोकचक्र, वर्ग १, हें पदक सुरू झालें तेव्हां तें मरणोत्तर मिळालेल्या पहिल्या मानकऱ्यांत त्यांचें नांव आहे. किल्ल्यास लढाऊ महत्त्व उरलें नाहीं म्हणणाऱ्यांनीं हा दिवस विसरूं नये: साडेतीनशें वर्षांपूर्वीं ज्या कारणासाठीं ही जागा निवडली, म्हणजे रस्ता व नदी यांचा छेद, त्याच कारणासाठीं विसाव्या शतकांतही येथें माणूस मेला. १७ सप्टेंबरास निजामानें शरणागति जाहीर केली. १९५६ सालीं मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यांत आला आणि नळदुर्गच्या पश्चिमेची सरहद्द पुसली गेली.

येथवर राजे, किल्लेदार व साहेब यांचा हिशेब झाला. परंतु नळदुर्गांत मुदतीनें राहणारा सर्वांत मोठा पाहुणा वेगळाच आहे, आणि त्याचा करार लेखी असतो.

नळदुर्गजवळ बोरीच्या कांठीं मैलारपूर येथें खंडोबाचें देऊळ आहे. पूर्वेस हमरस्त्यावर अणदूर हें गांव, तेथेंही खंडोबाचें देऊळ आहे. देव मात्र दोन्हींचा मिळून एकच. सव्वादहा महिने तो अणदुरास असतो व पावणेदोन महिने नळदुर्गास. मार्गशीर्षांत पालखींतून देव नळदुर्गास येतो, पौष पौर्णिमेस मैलारपुरास मोठी यात्रा भरते, आणि मुदत भरतांच देव परत अणदुरास जातो. नेतेवेळीं दोन्ही गांवच्या मानकऱ्यांमध्यें करार होतो: अमुक दिवशीं देव नेला, अमुक दिवशीं परत पोहोंचवूं. दरवर्षीं नवा कागद. गेल्या वर्षींचा कागद आहे म्हणून यंदा चालेल असें नाहीं.

आख्यायिका अशी कीं नळराजाची राणी दमयंती ही खंडोबाची भक्त. तिच्या भक्तीसाठीं देव नळदुर्गास आला. नळराजाच्या या कथेस इतिहासांत आधार शोधूं नये. नळ हें नांव किल्ल्यास कशावरून पडलें याविषयीं आम्ही मौन धरणें पसंत करितों. पण कथेचा सांगाडा पाहण्यासारखा आहे. देव मूळचा येथील नाहीं, कोणाच्या तरी बोलावण्यावरून आला, आणि राहण्यास आला तरी कायमचा राहिला नाहीं. तुर्कमान किल्लेदार, टेलर आणि खंडोबा हे तिघेही एकाच रीतीनें येथें राहिले. फरक इतकाच कीं पहिल्या दोघांची मुदत दुसऱ्या कोणीं तरी विजापुरांत वा कलकत्त्यांत ठरविली. देवाची मुदत दोन गांवांनीं समोरासमोर बसून ठरविली, व तीच आजवर टिकली. कागद मोडला तर दुसरें गांव काय करील हें दोघांसही पक्कें ठाऊक आहे. असे करार त्यामुळेंच टिकतात.

आतां आमच्या बिऱ्हाडाची गोष्ट पुरी करितों. संध्याकाळीं सहा वाजतां, पिशव्या घेऊन किल्ल्याच्या रस्त्यावर उभे असतां, एका सेवानिवृत्त शिक्षकांनीं आम्हांस हटकलें. "गाव कुठलं म्हणायचं आपलं?" या प्रश्नापासून आरंभ होऊन दहा मिनिटांत आम्ही त्यांच्या जुन्या वाड्याच्या माडीवर होतों. भाडें विचारिलें तेव्हां त्यांच्या पत्नी रागावल्या. जेवणांत ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आमटी; त्यानंतर माडीवर, दूर पाण्याचा अखंड आवाज. दिवसां हा आवाज रस्त्याच्या गोंगाटांत ऐकूं येत नाहीं. किल्ल्यांतल्या शिबंदीस प्रत्येक पावसाळ्यांत हा आवाज रात्रभर सोबत असे, आणि नदीकडून चालून येणारा शत्रु त्या आवाजांत ऐकूं येणें अशक्य असे. नदीच्या अंगास बुरूज इतके दाट कां, याचें एक कारण हेंही असूं शकेल. दिवसां आम्हांस हें सुचलें नव्हतें.

सकाळीं चहाच्या वेळीं यजमानांनीं स्वतःच आम्हांस देवडींत नेलें व उंबऱ्याशेजारचा एक घडीव दगड दाखविला. काळा, चांगला तासलेला, कडेस उथळ नक्षीची पट्टी. "हा आजोबांनी किल्ल्यातून आणलेला," ते म्हणाले. "त्या काळी सगळेच आणत. तुम्ही लिहिणारी माणसं. तुम्हांला दिसलाच असता, म्हणून आधीच सांगतो." आम्हांस काय बोलावें तें कळेना. गांवोगांवच्या वाड्यांत तटाचे दगड बसविलेले पाहून आम्हीं यापूर्वीं कडक शब्द लिहिले आहेत. पण ज्याच्या घरीं जेवलों त्याच्या उंबऱ्याविषयीं तसें लिहावें काय? तो दगड निघून किल्ला पडला नाहीं, आणि वाड्यांत बसला म्हणून त्याची नक्षी तरी शाबूत राहिली, असें म्हणून आम्ही मोकळे होऊं शकलों असतों. तसें म्हणणें खरें नाहीं. एकेक दगड म्हणतां म्हणतांच तटास भगदाडें पडलीं. आम्हीं यजमानांस विचारिलें, याची नोंद करूं का? "करा," ते म्हणाले, "नाव नका घालू." तेव्हां नोंद केली आहे, मापें घेतलीं आहेत, नांव घातलेलें नाहीं. ज्या गांवास चार शतकें आंतून बाहेर ठेवलें, त्या गांवानें रिकामा झालेला किल्ला थोडाथोडा आपल्या घरीं नेला, इतकें मात्र या हकीकतीचा भाग म्हणून लिहिणें प्राप्त आहे.

यास लागून एक चालू वाद आहे, त्याविषयीं आपलें मत न देतां पुढें जाणें बरें दिसणार नाहीं. २०१४ सालीं राज्याच्या एका योजनेखालीं नळदुर्गचा किल्ला संगोपनासाठीं मुदतीच्या करारानें खाजगी संस्थेकडे दिला गेला. त्यानंतर साफसफाई, बाग, तिकीट इत्यादि आलीं. पाहणारांची संख्या वाढली यांत शंका नाहीं. पुढें २०१९ सालीं राज्यांतील कांहीं किल्ल्यांवर निवासाची सोय करण्याच्या बेताची वार्ता फुटली तेव्हां महाराष्ट्रभर ओरड झाली. किल्ल्यांत कोणीं राहूं नये हें म्हणणें इतिहासास धरून नाहीं. किल्ले राहण्यासाठींच बांधले. आमचा आक्षेप राहण्यास नसून कागदास आहे. अणदूर व नळदुर्ग यांच्या मानकऱ्यांचा कागद जवळ ठेवून पाहावा: पाहुणा कोण, किती दिवस, परत कोणीं पोहोंचवावयाचा, आणि विचारणारा कोण, हें सर्व त्यांत असून तो कागद गांवासमोर होतो. किल्ल्यासंबंधींच्या करारांची कलमें गांवांतील किती जणांनीं पाहिलीं, असें आम्हीं दोन दिवसांत जेथें जेथें बसलों तेथें विचारिलें. पाहिलीं म्हणणारा एकही भेटला नाहीं. देवाचा करार मात्र पानपट्टीवाल्यासही तिथीसह सांगतां आला.

गांवांत राहण्याची साधी, स्वस्त सोय व्हावी असें आम्हांस निश्चित वाटतें, पण ती पेठेंत व्हावी. शिलालेखाचे ठसे घेणारा, बुरुजांचीं मापें घेणारा विद्यार्थी दोन तासांत काम करूं शकत नाहीं. त्यास आठ दिवस राहावयास जागा मिळाली तर रणमंडळाची अद्याप नीट न झालेली पाहणी होऊन जाईल. सुटीचा दिवस पाहून धबधब्यापाशीं छायाचित्र काढून जाणाऱ्या हजारोंकडून ती होणार नाहीं. आम्हीं स्वतः दोन दिवसांत रणमंडळाचा जेमतेम एक अंग पाहिला. झुडुपें दाट, पायाखालीं निसरडें. पौष-माघांत हें काम सोपें जाईल.

निघतांना यजमानांस तसें बोलून दाखविलें व पौषांत पुनः येतों म्हणालों. ते हंसले. "पौषात या की, पण महिनाभर आधी पत्र टाका," ते म्हणाले. "त्या वेळी देव असतो गावात. देवाबरोबर लेकी येतात, जावई येतात, सोलापूर-लातूरची पाहुणेमंडळी येतात. ही माडीच काय, खालची पडवीसुद्धा रिकामी नसते." तेव्हां आम्हीं माघाच्या आरंभाचा दिवस मागितला. पंचांग पाहून, देव अणदुरास पोहोंचल्यानंतरचे पांच दिवस त्यांनीं आमच्या नांवें भिंतीवरील कॅलेंडरावर पेन्सिलीनें लिहून ठेवले.